पंचनामा मोनो : हेक्स पक्कं झालं, आता देवनागरीची पाळी

मंडळी, पंचनामा मोनो या माझ्या फॉन्टचे हेक्सचे (० ते ९ आणि ए ते एफ) सोळा ग्लिफ, म्हणजे अक्षरांचे आकार, एकदाचे पक्के केले. नव्याने आलेल्यांसाठी: हा फॉन्ट डिजिटल फॉरेन्सिक अहवाल, म्हणजे फोन-संगणकातल्या पुराव्यांच्या तपासणीचे अहवाल, छापण्यासाठी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या कलम ६३च्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशसाठी (फाइलच्या बाइट्सवरून काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) जागाच दिली आहे. एसएचए-२५६ ही हॅश काढायची पद्धत म्हटली की हेक्सची ६४ अक्षरं, आणि ती ताडून बघायची वेळ येते तेव्हा हातात बऱ्याचदा झेरॉक्सची झेरॉक्स असते.

सगळ्यात जास्त छळलं ते स्मॉल बी आणि सहा या जोडीने. प्रत पुसट झाली की सहाचा बाक सरळ वाटायला लागतो. म्हणून सहाचं टोक चांगलं उजवीकडे ओढलंय, आणि बीच्या दांड्याला वर डावीकडे ठसठशीत सेरिफ (टोकाची छोटी रेघ) दिलीय. ईची आडवी रेघ उडाली की सी उरतो, म्हणून ती रेघ जाड केली. दिसायला बेढब आहे, पण जर्मन नंबरप्लेटवरची एफई-श्रिफ्ट तरी कुठे देखणी आहे? कोणाला रंग लावून पीचा आर करता येऊ नये, एवढीच तिची फिकीर.

चार-चार अक्षरांनंतर फट दाखवणारं फीचर मात्र काढून टाकलं. वाचायला छान वाटतं, पण मजकुरात नसलेली स्पेस कागदावर दिसते. पुराव्याच्या फॉन्टला हे शोभत नाही. लिगेचरही (लागोपाठची अक्षरं जोडून एकच आकार दाखवणं) त्याच कारणाने बाद.

आता देवनागरी. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याच्या ऱला हलन्त देऊन, किंवा साध्या रला हलन्त आणि पुढे झिरो-विड्थ जॉइनर (जोडणीची खूण करणारं, स्वतः न दिसणारं अक्षर) देऊन. डोळ्यांना फरक शून्य, बाइट्स वेगळे, म्हणजे हॅशही वेगळा. चॅटच्या एक्सपोर्टमध्ये एक रूप शोधलं तर दुसरं हाती लागेलच असं नाही. हा जॉइनर मला शिरोरेघेवर बारीक त्रिकोणाने दाखवायचाय. अक्षरं जुळवून मांडणारं सॉफ्टवेअर हार्फबझ अशी अक्षरं आपणहून लपवतं, पण जीसबमध्ये (फॉन्टमधल्या ग्लिफ-बदलाच्या नियमांच्या तक्त्यात) ग्लिफ बदलला की तो दिसतो. ही अदलाबदल शेवटच्या टप्प्यात ठेवलीय, म्हणजे जोडाक्षरं आधी नीट जुळतात. त्रिकोण अजून रफारावर आदळतोय.

सिरिलिक ए (रशियन लिपीतला, दिसायला इंग्रजी ए सारखाच) नंतर बघू. टोनर संपत आलेला प्रिंटर कोणाकडे असेल तर सांगा, चाचणीचं पान पाठवतो.