पांढऱ्यावर पांढरं: सोलमधले चंद्र-रांजण

सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी मेट्रोच्या इचॉन स्टेशनवर उतरायचं. कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही, त्यामुळे मला तिथे पुन्हापुन्हा जाता आलं. दर वेळी बाकीचं सगळं ओलांडून मी थेट तिसऱ्या मजल्यावर, पांढऱ्या पोर्सेलिनपाशी (चिनी मातीच्या भांड्यांपाशी) जायचे. तिथे एक दालहांगारी आहे, म्हणजे चंद्र-रांजण. उंची 40 सेंटिमीटरच्या वर, अंगावर नक्षी नाही, रेघ नाही, कान नाहीत. 17व्या शतकाच्या अखेरीपासून 18व्या शतकाच्या मध्यापर्यंत, कोरियाच्या जोसन राजवटीत, असे रांजण घडले. आज त्यांतले मोजकेच शिल्लक आहेत.

एवढा मोठा गोल चाकावर एका दमात उभा राहत नाही, ओली माती स्वतःच्या वजनानं बसते. म्हणून कुंभार दोन मोठी वाडगी वेगवेगळी घडवायचे, एक दुसऱ्यावर पालथं घालून कडा जोडायचे. मग भट्टीच्या आगीत तो जोड किंचित सरकायचा, एक खांदा जरा उतरायचा. काचेसमोर उभं राहून पेन्सिलीनं बाह्यरेषा काढताना हे हाताला कळतं. डावी बाजू काढून झाली की उजवी तिच्यावरून काढता येत नाही, ती पुन्हा पहिल्यापासून बघावी लागते. मला हा रांजण आवडतो तो याचसाठी. कुणी तो कंपासनं काढावा तसा गोल रंगवला की माझं मन त्या चित्रातून उठतं.

मी पुण्यात जलरंगात वाढले. आमच्याकडे पांढरा रंग पॅलेटवर घ्यायचाच नाही, कागद सोडायचा. इथे कॅनव्हासवर तो पांढरा उभा करायचा होता. सोलमधल्या एका छोट्या स्टुडिओत शिकवणाऱ्या बाईंनी आधी जेसोचे, म्हणजे रंगाआधी कॅनव्हासला द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, पातळ थर द्यायला लावले. एक थर वाळला की बारीक सँडपेपर, मग पुढचा. त्यावर टायटॅनियम व्हाइट नुसतं लावलं तर रांजण भिंतीवरच्या चुन्यासारखा मेलेला दिसतो. त्यात कणभर यलो ऑकर (मातकट पिवळा), सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (तपकिरी), आणि काळा अजिबात नाही. पार्श्वभूमीही पांढरीच ठेवायची. मग कड रेषेनं दाखवायची सोय उरत नाही, दोन पांढऱ्यांमधल्या उष्ण-थंड फरकावरच ती दिसते. बाई दुभाष्याशिवाय शिकवत होत्या. चुकीच्या जागी ब्रश गेला की माझं मनगट हलकेच धरायच्या, बस.

या रांजणांना कॅनव्हासवर मानाची जागा मिळवून दिली ती कोरियन चित्रकार किम ह्वान-गी (1913–1974) यांनी. ते स्वतः रांजण जमवायचे. 1950च्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत रांजण सपाट होतो, निळ्यात तरंगतो, आणि शेजारचा चंद्र कोणता नि रांजण कोणता हे पटकन सांगता येत नाही. 1960 सालचं त्यांचं ‘बायका आणि रांजण’ हे चित्र तर साडेपाच मीटरहून रुंद आहे. त्यांच्या नावाचं संग्रहालय 1992 साली सोलमधल्या बुआम-दोंगच्या चढावर सुरू झालं. ग्योंगबोक राजवाड्याजवळून बस मिळते. तिथे गेलात तर न्यूयॉर्कच्या काळातली ठिपक्यांची चित्रंही सावकाश बघा. मला त्या ठिपक्यांतही रांजणाचाच गोल दिसत राहतो.

चित्रकार दो सांग-बोंग (1902–1977) अगदी वेगळे. त्यांच्या तैलरंगातला रांजण टेबलावर असतो, त्यात लायलॅकची फुलं भरलेली, आणि फुलांचा जांभळा पांढऱ्या पोटावर उतरलेला. मी शिकायला त्यांच्या चित्रांकडे जाईन, कारण परावर्तित प्रकाशाचा इतका प्रामाणिक अभ्यास क्वचित दिसतो. आजच्या चित्रकारांपैकी चोई यंग-उक रांजणाच्या झिलईवरच्या बारीक भेगांचं जाळं रेषारेषांनी विणतात. जवळून पाहिलं की रांजण विरतो आणि वाटा उरतात.

शेवटी बुनवॉनला गेले. सोलच्या बाहेर, ग्योंगी प्रांतातल्या ग्वांगजूत, पाल्दांग जलाशयाच्या काठी. (दक्षिणेतलं मोठं ग्वांगजू वेगळं, बस पकडताना नीट विचारून घ्या.) राजवाड्यासाठी पोर्सेलिन भाजणाऱ्या भट्ट्या पूर्वी दर काही वर्षांनी जागा बदलायच्या, कारण आसपासचं जळाऊ लाकूड संपायचं. 1752मध्ये त्या इथे कायमच्या स्थिरावल्या, लाकूड नदीतून येऊ लागलं. उत्तम चंद्र-रांजण मात्र बहुतेक त्याच्या आधीच्या, गुमसा-रीच्या भट्ट्यांतले मानतात. बुनवॉनच्या संग्रहालयात उत्खननातले तुकडे मांडले आहेत. एक निळसर, एक राखाडी, एक दुधाळ, आणि सगळे ‘पांढरे’. मी वहीत प्रत्येकाशेजारी मिश्रणाचं प्रमाण लिहून घेतलं.

पुढच्या कॅनव्हाससाठी राखाडी निवडला आहे. टायटॅनियमऐवजी झिंक व्हाइट, म्हणजे खालचे थर थोडे दिसत राहतील. बूड तोंडापेक्षा जरा अरुंद ठेवणार, आणि जोडाची ती आडवी खूण पोटाच्या मध्यावर, उजवीकडे किंचित उतरलेली.