चार ठिकाणची बोलणी, एक टॅबलेट

टॅबलेट हा तसा निवांत माणसाचा सोबती. फोन खिशातून हाक मारतो आणि आपण धावतो. टॅबलेट आपल्या जागी उभा असतो, सवड झाली की आपणच त्याच्याकडे वळतो. त्याच्यावर व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, मेसेंजर आणि इन्स्टाग्राम अशी पाच ॲप टाकली की ही सवड संपलीच म्हणायची. एकच माणूस सकाळी एका ॲपवर पत्ता पाठवतो, दुपारी दुसऱ्यावर वेळ बदलतो आणि संध्याकाळी तिसऱ्यावर ‘मेसेज बघितला नाहीस का?’ म्हणून रुसतो. बघितलेला असतो, कुठे बघितला ते आठवत नाही.

सगळी खाती एका यादीत आणणाऱ्या सेवेचा मोह पडतो तो इथे. आडवा धरलेला टॅबलेट तर तिच्यासाठीच घडवल्यासारखा वाटतो: डावीकडे संभाषणांची यादी, उजवीकडे उघडलेलं संभाषण. पण अशा सेवेकडून काय मागायचं हे आधी ठरवलेलं बरं. ती खाती एकत्र करत नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप व्हॉट्सॲपवरच राहतो, सिग्नलवरचा माणूस टेलिग्रामवाल्याला दिसत नाही, पासवर्ड वेगळे राहतात, नियमही वेगळे राहतात. एकत्र येतं ते फक्त आपलं बघणं. हे एकदा मान्य केलं की पुढची निम्मी चिडचिड वाचते.

कल्पना मुळीच नवी नाही. आयसीक्यू हे चॅटचं ॲप १९९६ मध्ये आलं, पाठोपाठ एओएल, याहू आणि मायक्रोसॉफ्टची मेसेंजर आली, आणि प्रत्येक मित्रमंडळाचं ॲप निराळं हा प्रकार तेव्हाच सुरू झाला. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या मेसेंजरमधून एओएलच्या लोकांशी बोलायची सोय दिली. एओएलने ती अडवली, मायक्रोसॉफ्टने वाट बदलली, एओएलने पुन्हा अडवली. काही महिने हा लपंडाव चालला आणि मग मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. अनेक मेसेंजर एका जागी आणणाऱ्या, २००० साली आलेल्या ट्रिलियनलाही दोन वर्षांनी एओएलने असंच हैराण केलं. तसंच काम ब्राउझरमध्ये करणारं मीबो २००५ मध्ये निघालं. २०१२ मध्ये गूगलने ते विकत घेतलं आणि त्याचं मेसेंजर बंद झालं. इमो या ॲपमधून एके काळी याहू, फेसबुक, गूगल सगळ्यांशी बोलता यायचं. मार्च २०१४ मध्ये त्याने ही सगळी नेटवर्कं सोडली आणि फक्त स्वतःचं चॅट ठेवलं.

मधल्या काळात एक सरळ रस्ताही होता. जॅबर नावाने सुरू झालेलं एक्सएमपीपी हे खुलं मानक, म्हणजे कुणालाही वापरता येणारे मेसेज पाठवायचे ठरलेले नियम, गूगल टॉकने २००५ पासून वापरलं आणि फेसबुक चॅटने २०१० मध्ये त्याला दार उघडलं. त्या दिवसांत कुठलंही साधं ॲप घ्या, नाव-पासवर्ड टाका, काम झालं. गूगलने २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना पाठ फिरवली, फेसबुकने २०१५ मध्ये ते दार लावलं. तेव्हापासून या धंद्यात सहसा कुणी कुणाला आपणहून आत घेत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बीपर मिनी या ॲपने अँड्रॉइडवरून ॲपलच्या आयमेसेजवर बोलून दाखवलं, ते ॲपलने तीनच दिवसांत बंद पाडलं. जोडणी आज चालू आहे याचा अर्थ ‘आज चालू आहे’ एवढाच घ्यावा, आणि ज्या संभाषणावर खरंच काही अवलंबून आहे त्याचं मूळ ॲप फोनवरून कधीही काढू नये.

आजच्या सेवा चालतात त्या ब्रिजवर. व्हॉट्सॲप वेब जसं आपल्या खात्याला जोडलेलं आणखी एक उपकरण असतं, तसाच ब्रिज स्वतःला एक उपकरण म्हणून जोडून घेतो, आलेला मेसेज आपल्या पद्धतीत बदलतो आणि यादीत लावतो. मॅट्रिक्स या २०१४ पासूनच्या खुल्या मानकासाठी असे बरेच ब्रिज लिहिले गेले आहेत. २०२१ मध्ये जाहीर झालेलं आणि २०२४ मध्ये ऑटोमॅटिक या वर्डप्रेस.कॉमच्या कंपनीने घेतलेलं बीपर हे एकत्र यादीचं ॲप त्यांच्यावरच उभं राहिलं.

हा ब्रिज कुठे चालतो, याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. तो सेवेच्या सर्व्हरवर असेल तर टॅबलेट बंद असतानाही मेसेज येत राहतात, नोटिफिकेशन वेळेवर वाजतं, बॅटरीही कमी खाल्ली जाते. पण व्हॉट्सॲप आणि सिग्नलवरचे मेसेज दोन टोकांच्या मध्ये कुणाला वाचता येत नाहीत ते कूटबद्ध असल्यामुळे. ब्रिज तेच उलगडतो आणि पुन्हा नव्याने कूटबद्ध करतो. ही उलगड सर्व्हरवर झाली तर घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवल्यासारखंच झालं. शेजारी भला असेल, पण किल्ली त्याच्याकडे आहे. ब्रिज टॅबलेटवरच चालत असेल तर किल्ली घरातच राहते, बदल्यात टॅबलेट जागा असेल तेव्हाच मेसेज येतात. जुलै २०२५ पासून बीपरने हीच, उपकरणावरून थेट जोडायची वाट धरली. टॅबलेटच्या बाबतीत मला हीच पद्धत योग्य वाटते. दोन तासांनी मेसेज दिसला तर बिघडत नाही. घाईचं काही असेल तर फोन आहेच.

जोडणीला बसताना फोन आणि टॅबलेट दोन्ही हाताशी हवेत आणि चार्ज केलेले हवेत. बहुतेक टॅबलेटमध्ये सिम नसतं, त्यामुळे ओटीपी येणार तो फोनवर. आधी सेवेत स्वतःचं खातं उघडावं. ते उघडताना एक रिकव्हरी कोड मिळू शकतो. तो कागदावर लिहून ठेवावा, टॅबलेटमध्ये त्याचा स्क्रीनशॉट काढून उपयोग नाही. टॅबलेट बिघडला तर कोडही त्याच्याबरोबर जातो, आणि नव्या उपकरणावर जुन्या मेसेजच्या जागी ‘हा मेसेज उलगडता आला नाही’ अशा ओळींची माळ दिसते.

व्हॉट्सॲप आधी जोडावं. टॅबलेटवर क्यूआर कोड उघडायचा, मग फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये (अँड्रॉइडवर तीन टिंबांच्या मेनूत) ‘लिंक्ड डिव्हायसेस’, तिथे ‘लिंक अ डिव्हाइस’, आणि कॅमेरा त्या कोडवर धरायचा. कोड थोड्या थोड्या वेळाने बदलतो, त्यामुळे फोनवरचा कॅमेरा आधी तयार ठेवला तर बरं. कॅमेरा दगा देत असेल तर नंबर टाकून आठ अक्षरी कोडनेही जोडता येतं. एका खात्याला फोन सोडून चारच उपकरणं जोडता येतात. घरचा संगणक, ऑफिसचा संगणक आणि कधी काळी उघडलेला कुठला तरी ब्राउझर आधीच तिथे बसलेला असतो, म्हणून यादी साफ करूनच सुरुवात करावी. जोडल्यावर जुने मेसेज उतरायला वेळ लागतो. तेवढा वेळ फोनवर व्हॉट्सॲप उघडं ठेवावं. घाईने बंद केलं तर यादी अर्धवट उतरते आणि माणूस सेवेला नावं ठेवतो.

टेलिग्रामचं सोपं आहे, पण लॉगिनचा कोड बहुधा एसएमएसने येत नाही, दुसऱ्या उपकरणावरच्या टेलिग्राममध्येच येतो. लोक एसएमएसची वाट बघत बसतात आणि पुन्हा पुन्हा कोड मागवतात, मग टेलिग्राम काही वेळ दारच लावून घेतं. तिथली सीक्रेट चॅट मात्र ज्या उपकरणावर सुरू झाली तिथेच राहतात. ती एकत्र यादीत शोधू नयेत. इन्स्टाग्राम आणि मेसेंजर सगळ्यात संशयी. नव्या ठिकाणाहून लॉगिन झालं की ते फोनवर विचारतात, ‘हे तुम्हीच का?’ हो म्हणायचं आणि थोडा वेळ जाऊ द्यायचा. सगळी खाती एका बैठकीत जोडायचा हट्ट करू नये. रोज एक जोडलं तर काही अडलं की कुणामुळे अडलं हे लगेच कळतं. बाहेरच्या ॲपमधून खातं चालवणं बऱ्याच नेटवर्कांच्या नियमांत बसत नाही, आणि खातं तात्पुरतं गोठवायचा हक्क त्यांच्याकडे असतो. ज्या खात्यावर धंदा चालतो ते या खेळात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाती जोडून झाली की दोन दिवसांत दोन तक्रारी येतात, आणि गंमत म्हणजे त्या एकमेकींच्या उलट असतात. पहिली, एकच मेसेज दोनदा वाजतो. टॅबलेटवर मूळ ॲपही आहेत आणि एकत्र सेवाही, म्हणून. मूळ ॲप टॅबलेटवरून काढून टाकावीत, निदान त्यांची नोटिफिकेशन बंद करावीत. दुसरी तक्रार, काहीच वाजत नाही. अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेलं उपकरण झोपेत जातं आणि ॲपना फक्त अधूनमधून जागं होऊ देतं. सेटिंग्जमध्ये ॲपच्या पानावर बॅटरी उघडून ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडलं की फरक पडतो. काही कंपन्या आपल्या टॅबलेटमध्ये वर आणखी एक बॅटरीरक्षक बसवतात, त्यातही या ॲपला सूट द्यावी लागते. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागितली जाते. घाईत ‘नको’ दाबलेलं असेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही. आयपॅडवर ॲपला पडद्याआड कायम जोडणी धरून ठेवायची मुभाच नसते. तिथे ॲप उघडल्यावर मेसेज धडाधड उतरतात, हा बिघाड समजू नये.

ब्रिज मेसेज आपल्या पद्धतीत बदलतो तेव्हा काही गोष्टी सांडतात. साधा मजकूर आणि फोटो नीट येतात. स्टिकर कधी नुसतं चित्र होऊन येतं, दुरुस्त केलेला मेसेज कधी दुसऱ्यांदा आल्यासारखा दिसतो, मतदान घेतलेलं असेल तर ते बघायला मूळ ॲप उघडावं लागतं. व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलसाठी तर सरळ फोनच उचलावा. आणि मूळ फोन चौदा दिवस वापरला नाही तर व्हॉट्सॲप जोडलेली उपकरणं तोडून टाकतं, म्हणजे फोन कपाटात ठेवून फक्त टॅबलेटवर भागवायचा बेत जमत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र तंत्राची नसते. एकाच यादीत एकाच माणसाची तीन संभाषणं असतात, नाव तेच, फोटोही बहुधा तोच. फरक फक्त कोपऱ्यातल्या चिमुकल्या चिन्हाचा. कामाच्या खात्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घरगुती ग्रुपमध्ये जातं ते असंच. टॅबलेटला बाहेरचा कीबोर्ड लावला असेल तर धोका दुप्पट, कारण एंटर दाबलं की मेसेज गेला. ‘एंटरने नवी ओळ’ अशी सेटिंग असेल तर पहिल्याच दिवशी चालू करावी. सेवेत लेबल किंवा फोल्डर करता येत असतील तर नेटवर्कप्रमाणे करण्यापेक्षा माणसांप्रमाणे करावेत: घर, काम, बाकीचे. बडबडे ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकावेत. एरवी पाच ॲपमध्ये विखुरलेला गोंगाट एका ठिकाणी येतो आणि त्यात कामाचा माणूस तळाशी जातो.

टॅबलेट कुणाला द्यायचा असेल, विकायचा असेल, तर नुसतं ॲप काढून भागत नाही. ब्रिज सर्व्हरवर असेल तर तो तिकडे मजेत चालू राहतो. आधी सेवेच्या आत जाऊन एकेक खातं तोडावं, मग फोनवर प्रत्येक मूळ ॲपमधली जोडलेल्या उपकरणांची यादी बघावी. ब्रिजचं नाव तिथे ओळखीचं असेलच असं नाही. कधी तो सेवेच्या नावाने बसतो, कधी कुठल्याशा ब्राउझरच्या. शेवटचं कधी वापरलं ती तारीख शेजारी दिलेली असते, तिच्यावरून ओळखावा आणि लॉगआउट करावा.