पंचाच्या तोंडावरचे तीन मायक्रॉन : आमची वाटचाल

आमच्या कारखान्याची सुरुवात वडिलांनी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या लेथवर केली. मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जेसचे शाफ्ट आणि बुश दुरुस्त करणे हे तेव्हाचे काम होते आणि नखाला लागेल तीच झीज, असा हिशेब होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, बार्जेस नांगरून पडल्या आणि आम्ही वेर्ण्याच्या औषध कारखान्यांकडे वळलो. गोळ्या दाबणाऱ्या यंत्रांचे पंच (भुकटी दाबणारे पोलादी दांडे) आणि डाय (ज्यात ती दाबली जाते ते साचे) पॉलिश करून, मापून परत देणे, हे आजचे मुख्य काम आहे.

या कामात नख उपयोगाचे नाही. आरशासारखे चकाकणारे पंचाचे तोंडही सूक्ष्म पातळीवर खडबडीत असते; दोन पृष्ठभागांचा खरा स्पर्श केवळ उंच टोकांवर होतो, ती टोके भाराखाली कायमची चेपतात आणि भार वाढेल तसे स्पर्शाचे खरे क्षेत्र वाढते. घर्षण दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा फ्रेंच शास्त्रज्ञ अमोंतों यांचा १६९९ मधला नियम. त्याचे हे कारण बाउडन आणि टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडले. पुढे आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये झिजेचे गणित दिले : झीज भार आणि सरकलेले अंतर यांच्या प्रमाणात वाढते, कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात घटते.

साहजिकच ग्राहक पंचावर टायटॅनियम नायट्राइडचा कठीण, सोनेरी थर मागतात. हा थर जेमतेम तीन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या तीन हजारांशांचा असतो. हिऱ्याचे टोक दाबून कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर साठ कठीणता दाखवणाऱ्या पोलादात हिऱ्याचे टोक सुमारे ८० मायक्रॉन खोल उतरलेले असते, म्हणजे तो आकडा खालच्या पोलादाचा असतो, थराचा मुळीच नव्हे. थर मोजायचा तर ठसा त्याच्या जाडीच्या दहाव्या भागात, ३०० नॅनोमीटरच्या आत राहिला पाहिजे, आणि त्यासाठी नॅनोइंडेंटेशन, म्हणजे अतिसूक्ष्म ठसा उमटवून कठीणपणा मोजण्याची पद्धत लागते. इथे आणखी एक गुंता आहे. ठसा जितका उथळ, तितका तोच धातू अधिक कठीण भासतो, कारण लहान जागेत आकार बदलताना स्फटिकातील डिसलोकेशनांची, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या दोषांची दाटी वाढते. निक्स आणि गाओ यांनी १९९८ मध्ये याचे सूत्र मांडले. म्हणून खोली न लिहिलेला कठीणपणाचा दाखला आमच्याकडे कोणी आणला, तर आम्ही तो बाजूला ठेवतो.

थर कितीही कठीण असला तरी खालचे पोलाद दबले की तो तडकून पापुद्रे सुटतात. त्यामुळे आमचा भर थर देण्याआधीच्या तयारीवर असतो. जोरात ग्राइंडिंग केल्यास वरचा पातळ स्तर ताणला, सारवला जातो आणि चकाकीमुळे ते दिसतही नाही. आमचा कारागीर फेल्टच्या बोंडावर सहा, मग तीन, मग एक मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट घेतो, प्रत्येक टप्प्यानंतर पंच धुतो, दिव्याखाली तिरका धरून भिंगातून पाहतो आणि आधीच्या टप्प्याची एकही रेघ उरली असेल तर पुढची पेस्ट हाती घेत नाही. यात वेळ जातो. दरही त्यामुळेच जास्त आहे आणि तो कमी करावा असे आम्हाला वाटत नाही. पावसाळ्यात खारट दमटपणा पंचाला डाग पाडतो, तेव्हा तेल आणि गंजरोधक कागद ठरलेलाच.

नॅनोइंडेंटेशन मात्र आम्ही बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेतो. ते यंत्र घ्यावे असा आग्रह माझ्या मुलाने धरला होता. परंतु शेजारच्या शेडमध्ये दिवसभर पॉवर प्रेस चालतो आणि त्याच्या हादऱ्यांनी आमच्या टेबलावरचा चहासुद्धा स्थिर राहत नाही.