बांदोड्याच्या तळीकाठी, अग्रशाळेत

चैत्र शुद्ध तृतीया, नागेशी

फोंड्याच्या देवळांना येणारे बहुतेक लोक दर्शन घेऊन तासाभरात परततात, त्यामुळे देवळाभोवतीच्या अग्रशाळा त्यांच्या नजरेसमोर असूनही लक्षात येत नाहीत. प्राकाराला लागून गेलेली कौलारू ओळ, पुढे एकसलग ओसरी, ओसरीवर उघडणारे बुटके दरवाजे आणि आत एकेका कुटुंबाला पुरेल एवढी खोली, इतकाच त्यांचा थाट असतो. दूरदेशी गेलेले महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत हक्कदार) आणि कुळावी (त्या देवाला कुलदैवत मानणारी कुटुंबे) देवाच्या पायांशी आले म्हणजे त्यांनी उतरावे कुठे, या गरजेतून त्या उभ्या राहिल्या. बांदोड्यातील नागेशीच्या देवळाच्या तळीजवळच्या अशाच एका खोलीत मी सध्या मुक्कामाला आहे, आणि गोव्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर चर्च, किल्ले आणि देवळे यांच्याबरोबर या साध्या खोल्यांकडेही पाहिले पाहिजे, अशी माझी येथे खात्री झाली आहे.

खोलीच्या भिंती चिऱ्याच्या आणि इतक्या रुंद आहेत की खिडकीच्या कठड्यावर पाय दुमडून बसता येते. चैत्राचे ऊन बाहेर कितीही तापले तरी दुपारी दोनच्या सुमारासही आत गारवा टिकून असतो. पूर्वी येणारी कुटुंबे तांदूळ, नारळ आणि भांडीकुंडी बरोबर आणत, ओसरीच्या टोकाला चूल मांडत आणि अनुष्ठान पुरे होईपर्यंत येथेच नांदत. आता चुली राहिल्या नाहीत. सकाळी पातळभाजी आणि पाव बाहेरून येतो, दुपारी वरण-भात, खतखते आणि सोलकढी. याहून अधिक कशाची अपेक्षा करण्याचे कारण मला दिसत नाही.

तळी मात्र निवांत पाहण्यासारखी आहे. चारी बाजूंनी चिऱ्याच्या पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या आहेत, काठावर माड आहेत आणि खालच्या पायरीवर सावली पडली की तिथे मासे गोळा होतात. ठरावीक जागी उभे राहिले असता गाभाऱ्यातील समईचे प्रतिबिंब या पाण्यात दिसते, असे येथील लोक सांगतात. फाल्गुन सरला तरी पाणी खाली गेलेले नाही. अंत्रुज महालात, म्हणजे या फोंडा भागात, हे जागोजागी आढळते, आणि त्याचे कारण डोंगरमाथ्यावरच्या सड्यात, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारात आहे. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे तो पावसाळाभर पाणी पीत राहतो. ते पाणी खालच्या चिकण थरापर्यंत झिरपते, तिथे अडते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. देवळांच्या तळ्या आणि त्यांच्या खालच्या अंगाची पोफळीची कुळागरे, म्हणजे बागा, या झऱ्यांवरच जगतात. वरचा सडा खणून सपाट केला तर खालची तळी किती वर्षे भरलेली राहील, हा प्रश्न पाण्याकडे पाहताना मनातून जात नाही.

देवळाच्या आवारातील शिलालेख १४१३ सालचा आहे. विजयनगरच्या पहिल्या देवरायाच्या कारकिर्दीत माई शेणै वागळे यांनी नागेश आणि महालक्ष्मी या बांदोड्यातील दोन देवस्थानांना जमीन दान दिल्याची नोंद त्यात आहे. पोर्तुगीज गोव्यात येण्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे आधी नागेश याच जागी होता आणि आजही याच जागी आहे. शेजारच्या देवांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. पोर्तुगीज राजवटीत दक्षिण गोव्यातील सासष्टीत देवळांवर संकट ओढवले तेव्हा मंगेश १५६० साली कुशस्थळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ येथून हाकेच्या अंतरावर येऊन राहिला. १५६७ साली सासष्टीतील देवळे सरसकट पाडली गेली, आणि त्या काळी फोंडा आदिलशाहीत असल्यामुळेच नदीपलीकडचा हा मुलूख देवांना आसरा देऊ शकला. पुढे १७६३ साली फोंडाही पोर्तुगिजांच्या हाती गेला, परंतु तोपर्यंत काळ पालटला होता आणि येथली देवळे वाचली. देव नदीपलीकडे थांबले. माणसे मात्र त्याहून दूर, कारवार, मंगळूर आणि थेट कोचीपर्यंत गेली. त्या माणसांना वर्षातून एकदा, निदान आयुष्यातून एकदा, हक्काने परत येता यावे म्हणून अग्रशाळा हव्या होत्या. घर, शेत आणि गावकीतला वाटा गमावलेल्या कुटुंबाला गोव्यात आपली म्हणता येईल अशी तीच एक जागा उरली होती.

माझ्या शेजारच्या खोलीत मंगळूरच्या एक आजी आपल्या सुनेबरोबर उतरल्या आहेत. त्यांची कोंकणी आमच्यापेक्षा निराळ्या हेलाची, मधूनच कन्नड शब्दांची. तरी नात्यागोत्याची, सणांची आणि स्वयंपाकाची त्यांची भाषा ऐकताना कुठेही अडखळायला होत नाही. आज पहाटे त्यांनी सुरंगीच्या कळ्या मागवल्या. उमलण्यापूर्वीच त्या झाडावरून उतरवाव्या लागतात. ओल्या फडक्यावर पसरलेल्या कळ्यांतून एकेक उचलून आजी ती केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफत होत्या, आणि हातातली वेणी पुरी होईतो पहिल्या कळ्या फुटून पांढऱ्या पाकळ्यांतून पिवळे केसर वर आले होते. ‘हे सुकले तरी वास जात नाही, म्हणून मी पेटीत घालून घरी नेते,’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या सासूबाई याच ओसरीवर बसून वेणी करीत, आणि त्याआधी त्यांच्या सासूबाई. त्यांच्या घरी गोव्यातील मूळ गावाचे नाव कोणाला सांगता येत नाही, परंतु तळीची कोणती पायरी निसरडी आहे हे सुनेला ठाऊक आहे. मला त्या सुनेच्या ज्ञानाचे फार मोल वाटले.

संध्याकाळी सभामंडपातील लाकडी कोरीवकाम पुन्हा पाहिले. एका बाजूला रामायणातील प्रसंग, दुसऱ्या बाजूला अष्टदिक्पाल. रंग भडक आहेत, तरीही हनुमानाच्या अंगातील वेग लाकडात जसा पकडला आहे तसा मी क्वचितच पाहिला आहे.

अलीकडे अनेक ठिकाणी जुन्या अग्रशाळा पाडून तेथे काँक्रीटचे मजले, गुळगुळीत फरशा आणि वातानुकूलित खोल्या यांचे भक्तनिवास उभे राहत आहेत. वृद्धांना खोलीतच न्हाणीघर हवे, ही गरज खरी आहे आणि ती भागलीच पाहिजे. परंतु त्यासाठी ओसरी घालवण्याची गरज नसते. एकाच ओसरीवर सगळ्यांचे दरवाजे उघडतात म्हणूनच मडगावची मी आणि मंगळूरच्या आजी दोन दिवसांत एकमेकींच्या झालो. बंद कॉरिडॉरमध्ये आम्ही एकमेकींना केवळ नमस्कार केला असता.

येथे देखरेख करणाऱ्या काकांशी आज याविषयी बोलणे झाले. ओळीच्या पश्चिम टोकाच्या वाशांना वाळवी लागली आहे, फुटकी कौले बदलायची आहेत, आणि कौले परतण्याचे काम नीट जाणणारे हात आता गावात थोडेच उरले आहेत, असे त्यांनी सांगितले. मृग लागण्यापूर्वी हे उरकले नाही तर एक पावसाळा त्या खोल्यांना पुरे आहे. आमच्या माहेरची सगळी मंडळी मे महिन्यात अभिषेकासाठी येथे येणार आहेत. येण्याआधीच प्रत्येकाने दुरुस्तीसाठी आपला वाटा पाठवावा, आणि उतरायचे ते हॉटेलात न उतरता या खोल्यांतच उतरावे, असे मी रात्री जेवणानंतर सगळ्या भावंडांना सविस्तर लिहून कळवले आहे.