हसू अडकलं तिथे

रात्री १२.४०

ब्रँड न्यूबियन या अमेरिकन हिपहॉप गटाचा 'वन फॉर ऑल' (१९९०) हा अल्बम लावला होता. त्यातलं 'स्लो डाउन' हे गाणं आलं आणि हसू घशातच अडकलं. गिटारचा तो लाडिक तुकडा ईडी ब्रिकेलच्या गाण्यातून उचललेला, आणि त्यावर क्रॅक या अमली पदार्थाच्या नादी लागलेल्या मुलीची टर. शब्द कितीही बोचरे होवोत, गिटार तशीच गोड वाजत राहते. कानाला सावध व्हायला सवडच मिळत नाही.

लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहणाऱ्या तुकड्याचा, स्वभावच तो. त्या काळच्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये, म्हणजे तबकडीवरचे तुकडे उचलून वाजवणाऱ्या यंत्रात, सगळे मिळून १० सेकंद मावायचे, एक तुकडा जेमतेम अडीच सेकंदांचा. ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) चार ठोक्यांचा एक बार भरतो २.६७ सेकंद, म्हणजे तोही मावेना. मग मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५वर फिरवायची, तोच बार १.९८ सेकंदांत उतरवून घ्यायचा आणि यंत्रात सूर पाचेक सेमीटोन (अर्धस्वर) खाली ओढायचा. १२ बिटचा, म्हणजे कमी बारकाव्याने साठवलेला आवाज असा ओढला की खरखरतो. तीच खरखर पुढे लोकांना आवडायला लागली.

पण मन अडलंय ते निराळ्याच ठिकाणी. ही ब्रँड न्यूबियनची मंडळी फाइव्ह पर्सेंटर. १९६४ साली हार्लेममध्ये क्लॅरेन्स १३एक्स यांनी सुरू केलेला पंथ. यांच्याकडे आकड्यांना अर्थ असतो: १ ज्ञान, २ शहाणपण, ३ समज, ५ शक्ती, ७ देव. आज २३ तारीख, म्हणजे शहाणपण आणि समज, बेरीज शक्ती. रॅपमध्ये येणारं 'वर्ड इज बॉन्ड' हे इतकी वर्षं मला नुसतं पालुपद वाटायचं. ते त्यांच्या पाठांतलं आहे: जीव जाईल, पण शब्द फिरणार नाही. म्हणजे इतकी वर्षं मी अर्धंच ऐकत आलो. वाईट वाटलं, खूप.

आणि त्याच शिकवणीत पुरुष देव, बाई पृथ्वी. मग त्या मुलीची टर ही थट्टा उरतच नाही, तो निवाडा होतो. मी हसलो तो कशाला? गिटारला, गटातला रॅपर ग्रँड पूबाच्या खट्याळ लहेजाला, की तिला?

'डान्स टू माय मिनिस्ट्री' असं याच अल्बमातल्या एका गाण्याचं नाव आहे. प्रवचनावर नाचा, असं ते उघडच सांगतात. श्रद्धा बाजूला काढून नुसती मजा घेईन म्हटलं, तर ती निघत नाही. दोन्ही एकाच लूपवर बसलेत. असू दे तसंच.

सुई उचलली नाही. पुढचं गाणं लागलं आणि मान पुन्हा डोलायला लागली. ती मुलगी मात्र डोक्यातून गेली नाही.