पान १४३

झोप येत नाहीये. तसं बघितलं तर काहीच झालेलं नाही. दादाकडे गेले, कागदांवर सह्या केल्या, वहिनीचा फोन लांबला म्हणून बाहेरच्या खोलीतल्या पुस्तकांपाशी जाऊन उभी राहिले. माझी कादंबरी तिथे होती. सह्यांचं पेन हातात होतंच. मी ती काढली आणि पान १४३ उघडलं.

ज्याच्या घरी ही कादंबरी दिसेल त्याच्याकडे मी हेच करते. छपाईसाठी पहिल्यांदा जी फाइल चढवली, तिच्यात या पानावर 'दऱ्या ओलांडून ती आली'च्या जागी 'दर्या ओलांडून ती आली' असं गेलं होतं. तो पापणीसारखा आडवा र बऱ्याचदा एका न दिसणाऱ्या जोडचिन्हावर तगून असतो. मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना ते चिन्ह गळलं, की र चा रफार होतो आणि य च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'वार्यावर', 'दुसर्या' असलं सगळं डोळ्यांना खुपलं, म्हणून दुरुस्त झालं. 'दर्या' खुपला नाही, कारण तो शब्द खरा आहे. डोंगरातून चालत आलेली माझी बाई समुद्र ओलांडून आली. मी प्रुफं चार वेळा वाचली होती, छापून आलेली नमुनाप्रतही वाचली होती. दर वेळी मला 'दऱ्या'च दिसल्या.

चौथ्या आठवड्यात लक्षात आलं. त्याच रात्री नवी फाइल चढवली, दोन दिवसांनी ती मंजूर झाली. मागणी येईल तशी एकेक प्रत छापायची अशी ही व्यवस्था, त्यामुळे कुठे गठ्ठे पडून नव्हते. त्या दिवसानंतर छापलेली प्रत्येक प्रत बरोबर. आयएसबीएन तोच, मुखपृष्ठ तेच, कणाही तेवढाच. जुनी प्रत कुठली आणि नवी कुठली हे बाहेरून कुणालाही कळणार नाही. मला कळतं, पान १४३ वर.

दादाच्या प्रतीत 'दऱ्या' होतं.

आधी बरं वाटलं, पेन लागलं नाही म्हणून. मग हात तसाच राहिला. दादाचा फोन तर दुसऱ्या आठवड्यात आला होता. 'वाचून संपवली गं. शेवट फार आवडला.' मी त्या रात्री त्याचं ते वाक्य इथेच लिहून ठेवलंय, तारखेसकट. मग मी शेवटचं पान उलटलं. तिथे, माझ्या मजकुराच्या पलीकडच्या कोऱ्या पानावर, तळाशी छापणाऱ्यांचा एक बारकोड असतो आणि बारीक अक्षरात ती प्रत छापल्याची तारीख. गेल्या महिन्यातली अकरा.

म्हणजे त्याच्याकडे पुस्तकच नव्हतं, तेव्हा तो मला शेवट आवडल्याचं सांगत होता.

का? 'अजून घेतली नाही' एवढं म्हणाला असता तर मी काय केलं असतं? काहीच नाही. 'बघ सवडीनं' म्हटलं असतं. मग का? माझ्या आवाजात तेव्हा असं काय होतं, की त्याला नाही म्हणवेना? मी परत परत त्या फोनपाशीच जातेय. तीन वर्षं लिहिली ही कादंबरी. दोन प्रकाशकांनी पोच दिली आणि पुढे काहीच कळवलं नाही. शेवटी त्या ऑनलाइन अर्जात 'प्रकाशक' या रकान्यात स्वतःचंच नाव टाकताना घशात काहीतरी आलं होतं. 'संपादक' रकाना तर रिकामाच ठेवला. या सगळ्यात एक माणूस मी धरून ठेवला होता, ज्यानं ती शेवटपर्यंत वाचलीय. दादा. दुसऱ्या कुणी न वाचता चांगली म्हटली असती तर एवढं लागलं नसतं. आणि आईच्या प्रकरणाबद्दल तो काहीच बोलला नाही, त्याचा मी केवढा अर्थ लावला होता. असो, ते आज नको.

का सांगितलंस, दादा?

वहिनी आली तेव्हा पुस्तक परत ठेवत होते. तिनं पाहिलं आणि म्हणाली, 'हल्ली रात्री तेच चालू असतं त्यांचं.' मी हसले बहुतेक. आत एक घडी घातलेली चिठ्ठी होती, शिवणाच्या मापांची. पान ८८ वर.

घरी येऊन पहिल्या महिन्याचा विक्रीचा तक्ता उघडला. कुणी घेतली ते त्यात कधीच नसतं, फक्त तारीख आणि आकडा. नऊ प्रती. हे नऊ आकडे मी माणसांना वाटून टाकले होते: मामा, मामेबहीण, शाळेतल्या दोघी, ऑफिसमधले चौघं, आणि दादा. आठ प्रती मी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत, आठही जणांच्या पान १४३ वर पेनानं रफार खोडून दऱ्या केल्या आहेत. नववी दादाची धरली होती, तिची दुरुस्ती तेवढी राहिली होती.

ती दादाची नाही. मग कुणाची?

बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत बसले. पहिल्या आठवड्यातला मंगळवार, प्रत एक. मी कुणाला भीड घातली नव्हती, कुणाला दुवा पाठवला नव्हता त्या दिवशी, तरी कुणीतरी माझं पुस्तक मागवलं, आणि कुठल्यातरी यंत्रानं त्या एका माणसापुरती ३१२ पानं छापली, बांधली. त्याला मी माहीत नाही. माझा आवाज त्यानं ऐकलेला नाही, त्यामुळे त्याला नाही म्हणायचीही अडचण नाही. चार महिने हा वाचक तिथे होता, आणि मी त्याच्या जागी दादाचं नाव लिहून बसले होते.

त्याच्या प्रतीपर्यंत माझं पेन पोचणार नाही. त्याच्यासाठी ती दर्या ओलांडूनच आलेली आहे. मी ते वाक्य मघाशी तसंच्या तसं मोठ्यानं वाचून पाहिलं. चालतं. माझं नाही, पण चालतं.

दादाला फोन करणार नाही. ८८ वर आहे तो. आईचं प्रकरण ९७ ला सुरू होतं. त्याचा परत फोन आला आणि तो 'वाचून संपवली गं' म्हणाला, तर मी पहिल्यांदाच ऐकते तसं ऐकेन.