पिरूल, छिलुक आणि पाणी : बिनसर ते जागेश्वर

नोव्हेंबरमध्ये आम्ही उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये बिनसरहून धौलछीना आणि वृद्ध जागेश्वरमार्गे जागेश्वरपर्यंत पायी गेलो. हिमशिखरे पाहण्याचा मोह होताच, पण खरा हेतू निराळा होता. चिडाच्या, म्हणजे हिमालयातल्या एका पाईनच्या, जंगलात वाट चुकून रात्र उघड्यावर काढावी लागली, तर ते झाड आपल्या किती कामी येते, हे तिथल्याच माणसाकडून शिकून घ्यायचे होते. दिल्लीहून रेल्वेने काठगोदाम, तिथून जीपने अल्मोडा आणि पुढे सुमारे तीस किलोमीटरवर बिनसर, असा जाण्याचा मार्ग सोपा आहे.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला हे झाड मुळात ओळखूच येत नाही. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या सुरूला आपल्याकडे अनेक जण पाईन समजतात. प्रत्यक्षात सुरूचा पाईनशी काहीही संबंध नाही आणि त्याच्या बारीक हिरव्या काड्या ही पानेही नव्हेत. चिडाची पाने सुईसारखी, वीतभर किंवा त्याहून लांब, आणि तीन-तीनच्या जुडग्यात असतात. अधिक उंचीवर आढळणाऱ्या कैल या पाईनच्या जुडग्यात पाच पाने असतात. देवदाराची पाने आखूड असून ती झुबक्यांनी येतात. जुडग्यातली पाने मोजण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

आमचे वाटाडे, ज्यांना आम्ही कुमाऊँच्या रीतीप्रमाणे दाज्यू (थोरला भाऊ) म्हणत होतो, बिनसर अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका गावचे होते. अभयारण्यात विस्तव पेटवायला मनाई असल्यामुळे त्यांनी सगळी प्रात्यक्षिके स्वतःच्या शेतात, गवत काढलेल्या मोकळ्या जागेत करून दाखवली. चिडाच्या जुन्या खोडक्यात किंवा जखम झालेल्या बुंध्यात राळ साठून लाकूड तांबूस, जड आणि चिकट होते. त्याला ते छिलुक म्हणतात. त्याच्या पेन्सिलीएवढ्या ढलप्या काढून टोकाशी चाकूने खरवडले, तर बाहेरून ओला झालेला तुकडाही एका काडीत पेट घेतो. वाळून गळालेली पाने म्हणजे पिरूल. ते भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, निखारा मागे ठेवत नाही. म्हणून आधी पिरूल, त्यावर छिलुक, मग बोटाएवढ्या काटक्या आणि शेवटी बांजसारखे (हिमालयातल्या ओकसारखे) जड लाकूड, हा क्रम त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा करायला लावला. चिडाची बोंडे इंधन म्हणून चांगली, मात्र खवले उघडलेली बोंडेच निवडावीत. हवा दमट असली की ती मिटतात, त्यामुळे मिटलेले बोंड बहुधा ओले असते. राळेचा धूर काळा आणि तेलकट असल्याने तंबूत किंवा बंदिस्त आडोशात छिलुक कदापि पेटवू नये.

आग पेटवणे जमले, तरी ती पेटवावी की नाही हा प्रश्न त्याहून मोठा आहे. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो, आणि जून २०२४ मध्ये याच बिनसरमध्ये वणवा विझवायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचा होरपळून मृत्यू झाला होता. माझ्या मते या महिन्यांत चिडाच्या जंगलात अडकलेल्या माणसाने आगीचा विचार सोडूनच द्यावा. इतर वेळी जीव वाचवण्यासाठी ती लावावीच लागली, तर सभोवतालचे दोन मीटरपर्यंतचे पिरूल हटवून उघडी माती दिसू द्यावी. लीसा, म्हणजे राळ, काढण्यासाठी खाचा पाडलेल्या झाडाजवळ तर आग मुळीच नको, कारण त्या खाचाच आधी पेट घेतात.

उबेसाठी आगीपेक्षा पिरुलाचे अंथरूण अधिक भरवशाचे वाटले. गावकरी ते गोठ्यात गुरांखाली पसरतात. आम्ही गुडघाभर ढीग रचून त्यावर आडवे झालो, तेव्हा तो दबून वीतभर उरला. तरीही जमिनीचा गारठा अंगाला लागला नाही. वर प्लॅस्टिकचा एक हलका कागद असला की दवापासूनही बचाव होतो. जागा निवडताना वर वाळक्या फांद्या लोंबत नाहीत ना, एवढे पाहावे. हेच पिरूल उतारावर मात्र वैरी ठरते. आपल्याकडच्या घसाऱ्यासारखेच, म्हणजे उतारावरच्या सुट्या दगडमातीसारखे, ते पायाखालून निसटते, म्हणून आडवे पाऊल टाकत, काठी रोवत उतरावे आणि मळलेली वाट सोडू नये.

पाईनच्या पानांच्या चहाचे कौतुक फार ऐकले होते. कोवळी हिरवी पाने चिरून उकळी उतरलेल्या पाण्यात दहा मिनिटे झाकून ठेवली; चव आंबूस आणि राळेची लागली. त्यात क जीवनसत्त्व असते हे खरे, पण त्याच्या अभावाचे दुष्परिणाम दिसायला आठवडे, महिने लागतात. दोन रात्री अडकलेल्याला त्यातून मिळतो तो केवळ गरम घोट. गर्भवतींनी तो टाळावा. उंचावरच्या जंगलात आढळणारा थुनेर हा वृक्ष विषारी आहे. त्याची पाने चपटी, एकेकटी असून जुडग्यात नसतात. ओळख पक्की नसेल तर चहाचा नाद सोडावा.

चिडाकडून पाणी मात्र मिळत नाही, आणि हीच बाब आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. दाज्यूंचे म्हणणे सरळ होते : “चिडात पाणी शोधू नका, बांज शोधा.” बिनसरच्या चढावर हे डोळ्यांनी पडताळता येते. कोरडा, मोकळा चिडाचा पट्टा मागे पडतो, बांज आणि बुरांसाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) दाट सावली सुरू होते, खोडांवर शेवाळ दिसू लागते आणि पायाखालची माती ओलसर होते. गावांचे धारे आणि नौले, म्हणजे झरे आणि दगडी बांधीव कुंडे, अशाच ओल्या पट्ट्यांच्या आधाराने शोधावीत. चिडाच्या पट्ट्यात शिरण्यापूर्वी प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी असावे, आणि झऱ्याचे पाणीही उकळून किंवा गाळणीतून काढून प्यावे.

सोबत शिट्टी, विजेरी आणि चाकू न्यावा. मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाशाची खूण, मग एक मिनिट शांतता, हा डोंगरातला मदतीचा संकेत आहे. फोनला रेंज मिळाली तर ११२ क्रमांक लावावा. बिबट्याचा वावर असल्याने अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. धौलछीनापासून पुढे वाटा अनेक ठिकाणी फुटतात, तेव्हा तिथे वाटाड्या घेतल्याशिवाय निघू नये.